पंख सरळ ठेवण्याची किंमत

हिमायतनगरला सर्वांत जवळची धावपट्टी नांदेडची. सरळ रेषेत ती पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे, भोकरवरून रस्त्याने गेले तर अंतर थोडे अधिक. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या सोहळ्यासाठी या विमानतळाचा कायापालट झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने सुटली, तेव्हा त्यांत नांदेड–हैदराबाद ही फेरी होती. वेळापत्रकावरच्या या फेऱ्यांपलीकडे आणखी एक हवाई प्रवास असतो, स्वतःच्या किंवा क्लबच्या छोट्या विमानाचा. एक इंजिन, चार आसने, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. सेस्ना १७२ हे त्यातले सर्वांत ओळखीचे विमान. ते बारामतीहून निघाले तर दीड तासात नांदेडला पोचते. धुळ्याहून किंचित जास्त लागेल, जुहूहून सव्वादोन तास धरून चालावे.

या विमानात सहवैमानिक नसतो. रेडिओवर बोलणे, नकाशा पाहणे, इंधनाचा हिशोब ठेवणे, पुढे ढग कुठे दाटलेत ते न्याहाळणे, हे सारे एकाच माणसाने करायचे आणि त्याच वेळी योकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या चाकावर, हातही ठेवायचा. नीट ट्रिम केलेले, म्हणजे तोल साधून ठेवलेले, विमान हात सोडला म्हणून खाली कोसळत नाही. पण नकाशाची घडी उलगडेपर्यंत एक पंख हलकेच खाली झुकतो, नाक त्या दिशेला वळू लागते आणि वैमानिक मान वर करतो तेव्हा विमान भलत्याच दिशेला निघालेले असते. म्हणून छोट्या विमानाच्या मालकाला कधी ना कधी ऑटोपायलटची आठवण होते. आणि किंमत ऐकली की पुढचा विचार सुरू होतो: यातले नेमके काय घेतले म्हणजे पुरे?

ऑटोपायलटशिवाय उडताच येत नाही, असे मुळीच नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहू गाठले, ते ‘पस मॉथ’ विमान हाताने चालवूनच. २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईच्या आरोही पंडितने त्या प्रवासाची आठवण म्हणून भुज ते जुहू असे उड्डाण केले. विमान होते ‘माही’, पिपिस्ट्रेल सायनस जातीचे, अतिशय हलके. याच विमानातून तिने २०१९ मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला होता. भुज–जुहू उड्डाणाची अट मात्र अशी होती की जीपीएस वापरायचे नाही, ऑटोपायलट वापरायचा नाही आणि पूर्ण वेळ सात हजार फुटांच्या खाली राहायचे. तिने ते करून दाखवले. दिवसाचा उजेड, मोकळी हवा आणि सरावलेले हात असले की विमान हाताने चालवणे हा आनंदच असतो.

ढग आडवे आले की मात्र चित्र बदलते.

माणसाला तोल कळतो तो डोळ्यांमुळे आणि कानाच्या आत असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमुळे. त्या नलिकांतला द्रव डोके वळले की मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण्याची खबर देतो. पण वळण अगदी संथ असेल तर द्रव फारसा हलतच नाही, आणि एकाच वेगाने बराच वेळ वळत राहिले तर तो डोक्याच्या बरोबरीने फिरू लागतो व खबर बंद होते. जमिनीवर ही उणीव डोळे भरून काढतात. ढगात किंवा दाट धुरकटात क्षितिज नाहीसे झाले की डोळ्यांची मदत संपते. एक पंख झुकलेला असतो आणि वैमानिकाला वाटत असते, आपण सरळ चाललो आहोत. विमान वळता वळता उंची गमावते. उंची कमी होताना दिसली की तो योक स्वतःकडे ओढतो. पंख झुकलेले असताना योक ओढला तर विमान वर चढत नाही, वळण तेवढे आवळत जाते. वेग वाढतो, फास घट्ट होतो.

हे किती लवकर घडते, ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली मोजले. केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बोनान्झा विमानात बसवून बाहेरचे दिसणे बंद केले. शेजारी अर्थातच प्रशिक्षक होता. विसांपैकी एकालाही विमान सावरता आले नाही. एकोणीस जण आवळत जाणाऱ्या गिरकीत सापडले, एकाने नाक इतके वर उचलले की विमानाचा वेगच संपला. ताबा सुटेपर्यंत सरासरी १७८ सेकंद गेले होते. तीन मिनिटेही नाहीत. त्याच प्रयोगात एक साधी रीत शिकवल्यावर बहुतेक सगळे सुखरूप परत वळू शकले, ही त्यातली आशेची बाजू. त्या रीतीचे सार एवढेच होते की योकवरचा हात काढायचा आणि विमानाला त्याच्या जन्मजात स्थैर्यावर सोडायचे.

या आकड्यामुळे स्वस्त ऑटोपायलटकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हवी. लांबच्या प्रवासात हाताला विसावा मिळतो, हा त्याचा लहान फायदा. क्षितिज हरवलेल्या तीन मिनिटांत पंख सरळ ठेवील असे काहीतरी विमानात असणे, हा मोठा. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर १६ जुलै १९९९ च्या रात्री समुद्रावरच्या धुरकटात विमानासह कोसळले. चौकशीत कारण निघाले ते दिशाभ्रमाचे, आणि त्या विमानात ऑटोपायलट बसवलेला होता. म्हणजे यंत्र असणे एक आणि ऐन वेळी ते वापरण्याची सवय असणे दुसरे. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्यांना भारतात सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे हवेत राहता येत नाही, त्यामुळे रात्रीचा धोका बराच टळतो. जून ते सप्टेंबर मराठवाड्यावर उतरणारा ढग आणि हिवाळ्यातले सकाळचे धुके मात्र टळत नाही.

पंख सरळ ठेवण्याची कल्पना विमानाच्या जन्मानंतर लगेचच आली. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ बझाँ येथे सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुणाने आपले विमान परीक्षकांसमोरून नेले. त्याचे दोन्ही हात वर होते आणि मेकॅनिक एमिल काशाँ पंखावर चालत गेला होता. वजन एका बाजूला गेले तरी जायरोस्कोपच्या आज्ञेने विमान सरळ राहिले. १९३३ मध्ये वायली पोस्टने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली तीही स्पेरींच्या यंत्राच्या मदतीने, ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत. पण खासगी विमानाच्या मालकाला यापेक्षा जवळची वाटावी अशी गोष्ट १९६५ ची आहे. मूनी कंपनीने आपल्या छोट्या विमानांत पंख सरळ ठेवणारी साधी यंत्रणा सरसकट बसवायला सुरुवात केली. ती चालायची हवेच्या पोकळीवर, आणि तिची रचना उलटी होती: यंत्रणा सदैव चालू, वैमानिकाला वळायचे असेल तर योकवरचे बटण दाबून ठेवायचे. हात सोडला की विमान आपोआप सरळ. वैमानिक गोंधळला तर यंत्र चालू करायचे त्याला सुचेलच असे नाही, हे त्या रचनाकारांनी ओळखले होते. साठ वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या पुष्कळ महागड्या पेट्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आजच्या यंत्राचे तीन भाग. पहिला, विमान कसे झुकले आहे हे जाणणारा. पूर्वी तिथे गरगर फिरणारे धातूचे जायरो असत. आता मोबाइलमध्ये असते तशी, सिलिकॉनवर कोरलेली सूक्ष्म जायरो-चिप असते, जोडीला हवेच्या दाबावरून उंची आणि जीपीएसवरून जागा. दुसरा भाग गणित करणारा छोटा संगणक. तिसरा भाग सर्व्हो, म्हणजे विमानाच्या नियंत्रणतारा प्रत्यक्ष ओढणारी मोटर. एक सर्व्हो पंखांच्या एलरॉनला जोडला तर तो एका अक्षाचा ऑटोपायलट, पंख सरळ ठेवणारा आणि ठरलेल्या मार्गावर वळवणारा. दुसरा सर्व्हो शेपटीच्या एलिव्हेटरला जोडला की विमान उंचीही धरते. तिसरा रडरसाठी असतो, पण सेस्ना १७२ च्या आकाराच्या विमानाला त्याची फारशी गरज पडत नाही. तिथे पैसे घालू नयेत.

यातला पहिला आणि दुसरा भाग गेल्या वीस वर्षांत कमालीचा स्वस्त झाला, याचा पुरावा शेतातच मिळतो. कापूस, सोयाबीन, हळदीच्या रानावर आता फवारणीचे ड्रोन उडू लागले आहेत. महिला बचत गटांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. १५ हजार गट आणि एका ड्रोनमागे ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत, असा तिचा आवाका. असा ड्रोन हिमायतनगरच्या सोयाबीनवर सोडला तर त्याच्या पोटातला ऑटोपायलट अवघड काम करत असतो. टाकीतले दहा लिटर औषध संपत जाते तसे वजन क्षणाक्षणाला घटते, वारा आडवा येतो, तरीही तो ठरल्या उंचीवर ठरल्या पट्ट्यातून जातो. या ड्रोनविश्वाचा पाया घालणाऱ्या पिक्सहॉक आणि अर्डूपायलट या दोन्ही प्रणाली कुणालाही खुल्या आहेत. त्यांची इलेक्ट्रॉनिक पाटी काही हजार रुपयांत येते.

मग तीच पाटी माणसे बसणाऱ्या विमानात का लावू नये? उत्तर सिद्धतेत आहे. ड्रोन बिघडला तर तो शेतात पडतो आणि नुकसान यंत्राचे होते. माणसे असलेल्या विमानातल्या उपकरणाला उष्णता, थंडी, कंप, वीज आणि रेडिओलहरी सोसण्याच्या डीओ-१६० या मानकाच्या चाचण्या द्याव्या लागतात, त्यातल्या संगणक-आज्ञावलीला डीओ-१७८सी या मानकाची छाननी. बिघाड झालाच तर तो कोणत्या दिशेने होईल आणि वैमानिकाला सावरायला किती वेळ मिळेल, हेही दाखवावे लागते. शिवाय ज्या जातीच्या विमानात ते बसवायचे, त्या प्रत्येक जातीसाठी वेगळी मंजुरी. परवाना देणाऱ्या यंत्रणेच्या भाषेत तिला एसटीसी म्हणतात. ऑटोपायलटच्या किमतीतला मोठा वाटा या कागदांचा असतो, आणि तो वाया जात नाही.

हाच वाटा २०१६–१७ मध्ये हलका झाला. तोपर्यंत जुन्या सेस्नात मंजूर ऑटोपायलट बसवायचा तर खर्च वीस हजार डॉलरच्या पुढे जायचा, कधी कधी विमानाच्या निम्म्या किमतीइतका. दुसरीकडे अमेरिकेत घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांचे मालक डायनॉन, ट्रूट्रॅक, ट्रायो यांचे चांगले ऑटोपायलट अगदी थोड्या पैशांत वापरत होते, कारण त्यांना त्या कागदांचे बंधन नव्हते. महागडे कागद नकोत म्हणून जुन्या विमानांचे मालक कोणतेच यंत्र लावत नाहीत आणि त्यातून अधिक माणसे दगावतात, हे अमेरिकी नियामकांच्या लक्षात आले. सुरक्षितता वाढवणाऱ्या जोडसाधनांसाठी त्यांनी वाट मोकळी केली. प्रायोगिक विमानांच्या ईएए या संघटनेने पुढाकार घेतला. ट्रूट्रॅकचा ‘व्हिझियन’ आणि ट्रायोचा ‘प्रो पायलट’ सेस्नासारख्या विमानांसाठी मंजूर झाले, साधारण पाच हजार डॉलरच्या घरात. गार्मिन कंपनीने २०१७ मध्येच ‘जीएफसी ५००’ जाहीर केला, दोन अक्षांसाठी ६,९९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार लाख रुपये. त्याला जोडीला गार्मिनचेच पडदा-उपकरण लागते आणि बसवण्याची मजुरी वेगळी. २०१९ मध्ये ट्रूट्रॅक बेंडिक्सकिंगने घेतली आणि व्हिझियन ‘एरोक्रूझ १००’ या नावाने विकला जाऊ लागला.

आता निवडीचे. दुकानात डोळे पडद्यावर जातात, पण परीक्षा सर्व्होची करावी. वैमानिकाने जोर लावला तर सर्व्हो हार मानतो का, हे पाहावे. चांगल्या सर्व्होत घसरणारा क्लच किंवा ठरावीक जोराला तुटणारी पिन असते. वीज तोडली की मोटर मोकळी फिरली पाहिजे. योकवर अंगठ्याखाली सुटकेचे लाल बटण हवे आणि सर्किट ब्रेकर हाताला लागेल असा, म्हणजे यंत्र चुकले तर ते बंद करायच्या दोन स्वतंत्र वाटा हव्यात. यात तडजोड करणारा ऑटोपायलट फुकट मिळाला तरी घेऊ नये.

उंची धरण्याच्या सोयीत एक सापळा आहे आणि त्याविषयी विक्रेते पुरेसे बोलत नाहीत. इंजिनाची ताकद काही कारणाने घटली तर साधा ऑटोपायलट उंची टिकवण्यासाठी नाक वर वर उचलत राहतो. वेग कमी कमी होत जातो आणि अखेर पंखांची उचल संपते. वैमानिक नकाशात गुंतला असेल तर त्याला हे उशिरा कळते. म्हणून दोन अक्षांचे यंत्र घेणाऱ्याने किमान वेगाचे संरक्षण आहे का, हे आधी विचारावे. नव्या पिढीच्या यंत्रांत ते आहे. जुन्यांत बहुधा नाही.

ट्रिमचेही तसेच. एलिव्हेटरचा सर्व्हो विमान धरून असताना इंधन संपत जाते, तोल सरकतो आणि सर्व्होवरचा ताण वाढत राहतो. स्वयंचलित ट्रिम असेल तर तो ताण आपोआप उतरतो, पण त्यासाठी आणखी एक मोटर आणि आणखी पैसे लागतात, आणि ती मोटर अडकून एकाच दिशेने फिरत राहण्याचा धोका पत्करावा लागतो. स्वस्त यंत्रे नुसता बाण दाखवतात आणि ट्रिमचे चाक वैमानिकाने फिरवायचे असते. दीड-दोन तासांच्या उड्डाणांसाठी हा बाण पुरेसा आहे. फक्त त्याच्याकडे लक्ष न देता ऑटोपायलट सोडवला तर नाक एकदम वर किंवा खाली झटका देते, म्हणून सोडवताना योक घट्ट धरायचा.

निळे किंवा ‘लेव्हल’ लिहिलेले बटण मात्र अवश्य हवे. विमान कसेही असो, ते एकदा दाबले की पंख सरळ आणि चढउतार शून्य. गार्मिन, डायनॉन यांनी ते दिले आहे. मूनीच्या जुन्या कल्पनेचा हा नवा वारस.

जुना वापरलेला ऑटोपायलट स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याचा मोह अनेकांना होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या सेस्नांमध्ये ३०० आणि ४०० मालिकेची कंपनीची यंत्रे असत. त्यांतले फिरते जायरो झिजतात, सुटे भाग दुर्मीळ झाले आहेत आणि दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मीळ. भारतात तर अशी पेटी दर वेळी परदेशी धाडावी लागेल. त्यात पैसे घालणे शहाणपणाचे नाही. जुन्यात घ्यायचेच तर वळण्याचा वेग जाणून चालणारी एस-टेक कंपनीची साधी यंत्रे बरी. जुने जायरो फिरवणारा पोकळी-पंप बंद पडला तरी त्यांचे डोके शाबूत राहते, कारण त्यांना माहिती देणारा जायरो विजेवर चालतो.

भारतातल्या मालकासाठी आणखी एक पायरी आहे. अमेरिकेची एसटीसी असली तरी ती इथे आपोआप लागू होत नाही. ‘व्हीटी’ अक्षरांनी नोंदलेल्या विमानात बदल करायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मान्यता लागते आणि काम परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याने, म्हणजे एएमईनेच करून सही करावी लागते. त्यामुळे खरेदीचा क्रम उलटा ठेवणे चांगले. आधी आपले विमान नेमक्या कोणत्या वर्षाचे आणि उपप्रकाराचे आहे ते नोंदवहीत पाहावे, मग त्या उपप्रकाराचे नाव कोणत्या ऑटोपायलटच्या मंजूर यादीत आहे ते शोधावे, मग देखभाल करणाऱ्या एएमईशी बोलावे आणि किंमत सर्वांत शेवटी विचारावी. यादीत नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी ते हँगरमध्येच पडून राहील.

प्रायोगिक विमानाची वाट इथे किती खडतर आहे, हे अमोल यादव यांच्या विमानाने महाराष्ट्राला दाखवले. तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक असलेल्या यादवांनी कांदिवलीतल्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडले गेले आणि राज्यभर नाव झाले. नोंदणी मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली, व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने, आणि धुळ्याला चाचणी उड्डाणे व्हायला २०२० उजाडले. विमान बांधायला लागते तेवढीच चिकाटी नियमांच्या दारात लागली. अमेरिकेतल्या स्वस्त ऑटोपायलटची जडणघडण घरी विमाने बांधणाऱ्या हजारो हौशी लोकांच्या हातून झाली. त्यांनी वापरले, चुका कळवल्या, यंत्रे सुधारली आणि मग ती मंजूर विमानांपर्यंत आली. आपल्याकडे अशी वर्दळ नाही, म्हणून अशी यंत्रेही निपजत नाहीत. ड्रोनच्या निमित्ताने तयार होत असलेले तरुण तंत्रज्ञ उद्या हे काम करू शकतील. त्यांना प्रायोगिक विमानांवर हात चालवण्याची मोकळीक, सुरक्षिततेची चौकट सांभाळून, मिळायला हवी.

बारामती–नांदेड मार्गावरच्या एखाद्या जुन्या सेस्ना १७२ साठी आज निवड करायची झाली, तर नव्या पिढीचे, मंजूर यादीतले, दोन अक्षांचे यंत्र घ्यावे. जीपीएसच्या मार्गावर चालणारे आणि आडव्या वाऱ्याचा हिशोब स्वतः करणारे, किमान वेगाचे संरक्षण असलेले आणि लेव्हल बटणाचे. ट्रिमची मोटर सोडून द्यावी. पैसे कमी पडत असतील तर दुसरा अक्ष पुढच्या वर्षी जोडता येईल असे यंत्र निवडून पहिल्या वर्षी फक्त पंखांचा सर्व्हो बसवावा. मे महिन्यात दुपारी मराठवाड्यावरची हवा उकळत असते. वर उसळणाऱ्या झोतांत ऑटोपायलट उंचीसाठी झगडत बसतो, तेव्हा उंचीचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे आणि पंख सरळ ठेवण्यापुरता तो चालू द्यावा. धक्के फार जोराचे झाले तर पूर्ण बंद करून विमान हाती घ्यावे. उड्डाण आणि उतरणे तर हातानेच. बसवल्यानंतर प्रशिक्षकाबरोबर दोन-तीन उड्डाणे केवळ यासाठी राखून ठेवावीत: डोळ्यांवर आडोसा लावून विमान वाकडे करून घ्यायचे, लेव्हल बटण दाबायचे, मग लाल बटणाने सोडवायचे, मग सर्किट ब्रेकर ओढून सोडवायचे. दोन्ही बटणे आणि सर्किट ब्रेकर न पाहता सापडेपर्यंत हे करत राहावे, आणि त्या तासांचे भाडे ऑटोपायलटच्या किमतीतच धरावे.